‘चिंदोगू’ला मराठीत काय म्हणावं?

ओसरी
मंडळी, अडलेय. आमच्या भागातल्या बालवाचनालयात सुट्टीत एक छोटं प्रदर्शन आहे, जगभरातल्या गमतीशीर वस्तूंचं. सोळा तक्ते. मजकूर इंग्रजीत आला आणि मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पंधरा तक्ते झाले. सोळावा जपानी चिंदोगूंचा, तिथे तीन दिवस गाडी उभी आहे.

माहीत नसणाऱ्यांसाठी: केंजी कावाकामी नावाचे गृहस्थ टपालाने वस्तू मागवायच्या एका मासिकाचे संपादक होते. मागची काही पानं मोकळी राहायची. तिथे ते स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या अजब वस्तू छापायला लागले. बाकी मासिकातलं सगळं मागवता यायचं, या वस्तू मात्र नाही. सुरुवातीच्या दोन म्हणजे, डोळ्यांत औषधाचा थेंब नेमका पडावा म्हणून काचांच्या जागी नरसाळी बसवलेला चष्मा, आणि उन्हावर चालणारी विजेरी. ऊन असेल तरच लागणार! पुढे मग बुटांच्या टोकांवर इवल्याशा छत्र्या, नूडल्स निववायला छोटा पंखा लावलेल्या चॉपस्टिक, रांगत्या बाळाच्या कपड्यांनाच शिवलेलं फरशी पुसायचं पोतेरं. त्यांनी दहा नियमही केलेत. वस्तू खरोखर बनवलेली हवी, नुसतं चित्र चालणार नाही. पण ती खऱ्या उपयोगाची नको. विकायची नाही. पेटंट घ्यायचं नाही. आणि नुसती टिंगल म्हणूनही करायची नाही.

मी मथळा केला ‘विक्षिप्त उपकरणे’. सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “म्हणजे बिघडलेली?” म्हटलं, नाही हो, चक्रम. तर म्हणे, “वस्तू कशी गं चक्रम असेल? चक्रम माणूस असतो.”

दुसरी अडचण. १९९५च्या इंग्रजी पुस्तकात या वस्तूंना ‘अनयूसलेस’ म्हटलंय. मी लिहिलं ‘निरुपयोगी नसलेली’, आणि माझी मलाच लाज वाटली. शुक्रवारी छपाईला जायचंय. सुचवा.

जुना टंकलेखक
सासूबाईंना माझा नमस्कार कळवा. त्या बरोबर आहेत. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. विक्षिप्त म्हणजे इकडे तिकडे फेकले गेलेले. योगशास्त्रात चित्ताच्या पाच अवस्था सांगतात: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. तेव्हा ज्याला चित्त आहे तोच विक्षिप्त. चष्म्याला चित्त नसते. ‘विलक्षण साधने’ असे सुटसुटीत लिहावे.

रंकाळा_रात्री
काका, ‘विलक्षण साधने’ वाचून पोरं थेट सतराव्या तक्त्यावर जातील आणि तक्ते तर सोळाच हायत. ओसरीताई, मोठ्या अक्षरात लिहा ‘नाद खुळा!’ विषय कट.

ओसरी
नाद खुळा ही दाद झाली हो, नाव नाही. ‘हे काय आहे?’ असं विचारल्यावर ‘नाद खुळा’ असं उत्तर कसं देणार?

रंकाळा_रात्री
कोल्हापुरात देत्यात.

मिठागर
सरळ ‘अतरंगी गॅझेट्स’ लिहा की. मुलांना कळतं. उगाच कोशात कशाला शिरायचं?

जुना टंकलेखक
गॅझेट म्हणजे राजपत्र! एकतीस वर्षे सरकारी छपाईत काढली आहेत, हा एक शब्द चुकलेला मला बघवत नाही. तुम्हाला म्हणायचे आहे ते गॅजेट. ज, झ नव्हे. व्हेनिसमध्ये गाझेता नावाचे एक किरकोळ नाणे होते. बातमीपत्राची तेवढी किंमत असे, म्हणून पत्रालाच ते नाव पडले आणि तिथून गॅझेट आले. त्याचा तुमच्या मोबाइलशी काय संबंध?

मिठागर
काका, पेपरवालेच ‘गॅझेट’ छापतात. ‘या दिवाळीत घ्या ही पाच गॅझेट्स’. मी एकट्याने सुधारून काय होणार? टीव्हीवर हैदराबाद गॅझेट, हैदराबाद गॅझेट चाललं होतं तेव्हा आमच्या सहावीतल्या कन्येने विचारलं होतं, “बाबा, ते निजामाचं मशीन होतं का? अजून चालतं?”

तिरफळ
:-) अजून चालतं की. चांगलंच चालतं.

वऱ्हाडी ठेचा
येवढा घोळ काऊन? ‘जुगाड’ हाये ना. आमच्याकडं लहान पोराले बी समजते. टूथब्रशनं कूलरचा पंप बसवला का जुगाड, मोटारसायकलवर डवरा जोडला का जुगाड.

जुना टंकलेखक
जुगाड हिंदी.

वऱ्हाडी ठेचा
काका, माह्या आजीनं जिंदगीत हिंदी पिच्चर पायला नाही. ते म्हने ‘जुगाड करा काही’. आता ते आजी हिंदी का मराठी? तुमच्या पुन्या-मुंबईत नाही म्हनून मराठीच नाही का?

ओसरी
ठेचाभाऊ, शब्दाबद्दल माझा आक्षेप नाही, अर्थाबद्दल आहे. जुगाडात वस्तू साधी असते, अडचण खरी असते आणि काम होतं. तुमचा कूलर चालतो ना? चिंदोगूत उलट. अडचण सोडवायची म्हणून वस्तू केली, आणि ती वस्तू वापरण्यापेक्षा मूळची अडचण बरी होती. बुटांवर छत्र्या लावून बाजारात जाऊन बघा.

वऱ्हाडी ठेचा
हे पटलं. मंग हा फसलेला जुगाड.

करवंद
ओसाकाहून लिहितोय, त्यामुळे तोंड घालायचा थोडा हक्क आहे. ‘चिन’ म्हणजे दुर्मीळ, चमत्कारिक. ‘दोऽगु’ म्हणजे हत्यार, साधन. यातला ‘दोऽगु’ रोजचा शब्द आहे, सुताराच्या पेटीतलं सामानही दोऽगु आणि स्वयंपाकघरातलंही. पण गंमत पुढे आहे. त्यातलं ‘दोऽ’ म्हणजे मार्ग, धर्माचा मार्ग. दोऽगु म्हणजे मुळात बौद्ध भिक्षूंच्या साधनेची सामग्री. तिथून घसरत घसरत तो शब्द पक्कड-हातोडीपर्यंत आला.

आता आपल्याकडे बघा. माझी आजी देवघरातल्या ताम्हन-पळी-घंटेला ‘उपकरणी’ म्हणायची. ‘शनिवारी उपकरणी घासायची’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकलंय, कारण चिंच कोळून द्यायचं काम माझं. म्हणजे दोऽगुसारखंच उपकरणाचंही नातं देवाशी आणि बाजाराशी, दोन्हीकडे. ओसरीताई, तुमचं ‘उपकरणे’ बरोबर होतं. फक्त ‘विक्षिप्त’ काढा.

आणि एक. ते ‘चिंदोगू’ नाही, ‘चिंदोऽगु’. शेवटचा उ ऱ्हस्व.

जुना टंकलेखक
उपकरणीचे फार सुंदर आठवलेत. आमच्याकडेही हाच शब्द. पण मराठीत आल्यावर शब्द मराठीचे नियम पाळतो. १९६२च्या नियमांप्रमाणे अंत्य इकार-उकार दीर्घच. गुरू, कवी, तसेच चिंदोगू. तिथे जपानी व्हिसा चालत नाही.

करवंद
मग कावाकामींचं ‘केंजि’सुद्धा दीर्घ करायचं? त्यांना विचारलं का?

जुना टंकलेखक
आपण कालिदासाला विचारून ‘कवी’ दीर्घ केला का?

तिरफळ
मी मघापासून एक यादी करतेय. आपल्याकडे तऱ्हेवाईकपणाला शब्दांची काय टंचाई आहे? इरसाल, वल्ली, अवलिया, नमुना, नग, खटपट्या, उपद्व्यापी, अर्कट, चक्रम, सर्किट. पण एक लक्षात आलं का, हे सगळे माणसाचे शब्द आहेत! वस्तूला एकही नाही. वस्तू आपल्याकडे चालू असते, बंद असते, महाग असते, ‘काय मेली अडगळ आणलीस’ असते. तिला स्वभाव नसतो. ओसरीच्या सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं ते हेच. असलं काही घरात आलं की आपण वस्तूकडे बघतच नाही, आणणाऱ्याकडे बघतो आणि म्हणतो, ‘नसते उद्योग!’

ओसरी
अगदी! आणि मला माणूस नको, वस्तू हवी आहे.

मिठागर
‘नसते उद्योग’ हेच नाव द्या मग. काय वाईट आहे? मथळा ‘जपानी नसते उद्योग’.

तिरफळ
टोमणा आहे त्यात. कावाकामींनी प्रेमाने केलंय.

मिठागर
मग ‘उचापती’? त्यात लाडही आहे. बरं, या शब्दाची एक मजा. आमच्या मजल्यावर गुजराती कुटुंब आहे. त्यांच्या पेपरात एकदा मथळा दिसला, कुठल्याशा कारकुनाने लाखोंची ‘उचापत’ केली. मी म्हटलं, वा, काय रसिक कारकून! शेजारच्या भाभी म्हणाल्या, उचापत म्हणजे अफरातफर. पैसे खाल्ले त्याने. तेव्हापासून आईने मला ‘काय उचापती चालल्यात’ विचारलं की मी आधी खिसे तपासतो.

जुना टंकलेखक
माझी अशी समजूत आहे की ‘उचल’ आणि ‘पत’ यांवरून तो आला असावा. पतीवर माल उचलणे. त्यातून गुजरातीत अपहार झाला आणि मराठीत खोडसाळपणा.

करवंद
की आपल्याकडचे लोक उधार उचललेल्या मालाचं भलतंच काहीतरी करून बसायचे?

जुना टंकलेखक
व्युत्पत्ती ही करमणूक नव्हे.

रंकाळा_रात्री
मग हा धागा कशासाठी हाय?

मिठागर
उचापतींवरून आठवलं. चिंदोगूंमध्ये लोण्याची कांडी आहे ना, गोंदाच्या कांडीसारखी? खालची चकती फिरवायची, लोणी वर येतं, पावावर घासायचं. आम्ही बापलेकीने केली होती. गोंदाची रिकामी कांडी तीनदा उकळत्या पाण्यातून काढली, घरचं लोणी भरलं, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी कन्येने मोठ्या थाटात चकती फिरवली. लोणी वर आलंच नाही, नळी नि लोणी यांच्यात एक फट पडली आणि पांढरी वळकटी बाजूने निघून तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. मे महिना होता. कोपरापर्यंत पोचेस्तोवर तिचं निम्मं तूप झालं होतं. बायको दारात उभी. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, पण त्यात ओसरीताईंना हवा तो शब्द नव्हता एवढं सांगतो.

ओसरी
:D हे तक्त्यावर टाकू का? नाव न घेता?

मिठागर
टाका. मनगटाचा उल्लेख हवाच.

तिरफळ
करवंद, इमोजीपण जपानीच ना? मी इतकी वर्षं ते ‘इमोशन’वरून आलंय असं समजत होते. परवा कुणीतरी सांगितलं की नाही.

करवंद
नाहीच. ‘ए’ म्हणजे चित्र, ‘मोजि’ म्हणजे अक्षर. इमोशनशी जुळलं तो निव्वळ योगायोग. शिगेताका कुरिता यांनी १९९९ साली तिथल्या मोबाइल कंपनीसाठी १७६ चित्रं काढली, प्रत्येक चित्र बारा बाय बारा ठिपक्यांत. इंग्रजीवाल्यांना वाटलं आपलंच आहे.

जुना टंकलेखक
म्हणजे ‘चित्राक्षर’! किती नेमका शब्द आणि आपण वापरत नाही. महापौर, दिनांक रुजले, हा का रुजू नये?

रंकाळा_रात्री
काका, मी एखादीला ‘तू मला कुठलं चित्राक्षर पाठवलंस’ म्हणालो तर ती ब्लॉक करंल.

जुना टंकलेखक
दिनांकालाही लोक सुरुवातीला हसलेच असतील. भाषा हसण्याने मरत नाही, आळसाने मरते.

तिरफळ
काका, रागावू नका, पण वरची माझी यादी पुन्हा बघा. वल्ली आणि अवलिया अरबी, दोन्ही एकाच शब्दाचे, एकवचन आणि अनेकवचन, अर्थ साधुपुरुष. इरसाल अरबी, अर्थ ‘पाठवणं’. जुन्या कागदांत भरणा इरसाल करत. नमुना फारसी. तऱ्हा, अजब, शक्कल, करामत सगळे तिकडचेच. आणि अफलातून म्हणजे तर प्रत्यक्ष प्लेटो, अरबीत प नाही म्हणून त्याचा फ झाला. ही शुद्धी करायला घेतली तर आपला सगळा चक्रमपणा सीमेपार जाईल, मागे उरेल नुसतं संस्कृत शहाणपण.

जुना टंकलेखक
खूळ आणि वेड आपलेच आहेत, ते पुरेत. आणि माझा विरोध जुन्या शब्दांना नाही, नव्या आळसाला आहे. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश केला आणि त्यांनीच १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. दोन्ही गोष्टी एका माणसात नांदू शकतात.

वऱ्हाडी ठेचा
म्हनजे त्यायले आधी सारे शब्द मोजून घेतले अन् मंग हाकलले.

जुना टंकलेखक
हे विनोदी आहे, बरोबर नाही.

करवंद
परत चिंदोगूवर. एक पेच टाकतो. त्या १९९५च्या पुस्तकात एक वस्तू होती, काठीच्या टोकाला कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढायची. लोक हसले होते. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, मिनोल्टाच्या हिरोशी उएदांनी तसलीच काठी करून पेटंट घेतलं होतं, ती चालली नाही. २०१४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने सेल्फी स्टिकला वर्षातल्या उत्तम शोधांच्या यादीत घातलं. मग ती आता चिंदोगू राहिली का? नियमाप्रमाणे विकायला लागली की बाद.

रंकाळा_रात्री
रंकाळ्यावर शंभर रुपयाला मिळायची. आम्ही त्याला सेल्फीचा दांडा म्हणायचो. मित्राचा फोन दांड्यासकट पाण्यात गेला तवा दांडा वर तरंगला आणि फोन गेला. माझ्या मते त्या क्षणाला तो परत चिंदोगू झाला.

ओसरी
हौसेला मोल नाही म्हणतात ते इथे शब्दशः लागू पडतंय की! मोल लावलं की हौस संपली. ‘हौसेची हत्यारं’ कसं वाटतं? सुतार, गवंडी सगळे हत्यारंच म्हणतात, आणि करवंद म्हणतात तसं दोऽगु म्हणजेही तेच.

मिठागर
बालवाचनालयाच्या दारावर ‘हौसेची हत्यारं’? पोलीस येतील.

तिरफळ
मला आवडलं. पण ‘अनयूसलेस’चं काय झालं?

ओसरी
तेच विचारतेय मी पहिल्या दिवसापासून.

करवंद
‘अनिरुपयोगी’?

तिरफळ
ई.

वऱ्हाडी ठेचा
‘कामाचं नाही असं नाही’. सारं वाक्यच लिहा ना. मानसं असंच बोलते.

जुना टंकलेखक
मराठी नकार वाक्यात घालते, शब्दात कोंबत नाही. ठेचारावांशी मी सहमत आहे. नोंद घ्यावी.

वऱ्हाडी ठेचा
काका, हे फ्रेम करून लावतो.

मिठागर
मुळात इंग्रजी ‘गॅजेट’ तरी कुठून आलं? मी ऐकलंय की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या मालकाचं नाव गाजे होतं आणि त्यांनी छोटे पुतळे विकले, त्यावरून.

करवंद
ती दंतकथा आहे. पुतळा उभा राहायच्या आधीपासून खलाशांच्या तोंडी हा शब्द असल्याचं सांगतात. जहाजावरच्या ज्या वस्तूचं नाव ऐन वेळी आठवत नाही तिला म्हणायचे गॅजेट. ‘ते गॅजेट दे रे.’

तिरफळ
अगं बाई! म्हणजे ‘ते हे’! आमची आई अख्खा संसार ‘ते हे’वर चालवते. ‘त्या ह्याच्यावरचं ते हे काढ आणि ह्यात घाल.’ आणि आम्ही बरोबर कुकरची शिट्टी काढून डब्यात ठेवतो. गॅजेटला मराठी शब्द ‘तेहे’. अनेकवचन ‘तेहे’च.

रंकाळा_रात्री
‘अजब तेहे’. ह्यो मात्र नाद खुळा.

जुना टंकलेखक
लिंग कोणते?

तिरफळ
नपुंसक. ते तेहे.

जुना टंकलेखक
मग अनेकवचन ‘ती तेही’. मोती-मोत्ये… थांबा, नाही. पाहून सांगतो.

मिठागर
पूर्वी तामागोची आलं होतं, आठवतंय का कुणाला? १९९६ला जपानात निघालं, आमच्याकडे वर्षा-दोन वर्षांनी मामाने दुबईहून आणलं. किल्ल्यांच्या जुडग्याला लटकणारं प्लास्टिकचं अंडं, आत ठिपक्यांचं पिल्लू. भूक लागली की पीं पीं. मी शाळेत गेल्यावर आजी सांभाळायची, बटण दाबून जेवू घालायची आणि म्हणायची ‘या रडतराऊला काही सुचू देत नाही’. तर वस्तूला स्वभाव नसतो हे तिरफळताईंचं म्हणणं मला मान्य नाही. आजीने त्याला स्वभावावरूनच हाक मारली होती.

तिरफळ
ते पिल्लू होतं म्हणून. मिक्सरला मारली असती का?

मिठागर
मिक्सरला ती ‘बोंबल्या’ म्हणायची.

तिरफळ
… बरं.

ओसरी
शुक्रवारी रात्री तक्ता गेला. वाट बघून बघून मथळा ‘चिंदोगू’ असाच ठेवला (काका, दीर्घ ठेवलाय), खाली ‘कामाच्या नाहीत असं नाही!’ हे ठेचाभाऊंचं वाक्य. लोण्याची कांडी आणि मनगट दोन्ही आहेत. आज पहिला दिवस. दुसरीतला एक मुलगा तक्ता वाचून गेला आणि तासाभराने आईला घेऊन परत आला. हातात जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळलेली पट्टी. पाठ खाजवायची म्हणाला. म्हटलं, छान आहे, पण कापड का गुंडाळलंस? तर म्हणे, “चिंध्यांचं केलं तरच चिंदोगू होतं ना?”

करवंद
इमोजीवाल्यांना हसत होतो आपण.

जुना टंकलेखक
चिंधीत ध आहे. त्याला सांगितलेत का?

ओसरी
नाही काका. पट्टी टेबलावर मांडून ठेवली. सासूबाईंनी पाठ खाजवून बघितली, म्हणाल्या बरी आहे.

करवंद
म्हणजे उपयोगाची निघाली. नियमाप्रमाणे बाद.

नवा सभासद ४१
नमस्कार. धागा पूर्ण वाचला नाही. गॅझेट शोधताना इथे आलो. लग्नानंतर बायकोचं नाव गॅझेटमध्ये बदलायचं आहे, जाहिरात आधी द्यायची की प्रतिज्ञापत्र आधी? कृपया लवकर सांगा.

जुना टंकलेखक
या, या. बसा. तुमचा ‘झ’ बरोबर आहे. सविस्तर लिहितो.